नऊपैकी आठ

सहम, ४ मे २०२५

चि. सोनलला काकाचा आशीर्वाद.

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय, हसू नकोस. फोन केला असता, पण आमच्या खोलीत चार खाटा आहेत आणि भिंती पुठ्ठ्याच्या. शिवाय बोलायला लागलो की मुद्दा राहतो आणि मी हवापाण्यावर येतो. तर हवापाणी आधीच सांगून टाकतो. मे लागला नाही तोच अंगाची लाही होतेय. त्यातल्या त्यात मी सुखी. माशांच्या कोल्ड स्टोअरचा मेकॅनिक, दिवसातले पाच-सहा तास उणे अठरात. बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं काही दिसत नाही. आखातात आल्यापासून बावीस वर्षं हेच चाललंय. हल्ली चष्मा पुसायचाही कंटाळा येतो, तसाच चालत राहतो.

मुद्दा असा. सोबत एका रिपोर्टचा फोटो आहे. जिभेच्या उजव्या कडेला जखम होती, दोन महिने भरेना. इथल्या एका दातांच्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि हे आलं. रिपोर्टवर माझं नाव, माझं वय, माझ्या कार्डाचा नंबर आहे, ते तू वाचशीलच. खालचा एक शब्द मलाही वाचता आला. त्यासाठी इंग्रजी फार यावं लागत नाही.

डॉक्टर म्हणतो, लहान आहे, दीड सेंटिमीटर. जिभेची कड काढायची. पण सोबत मानही उघडायची आणि त्या बाजूच्या गाठी काढायच्या. मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीत काही नाही. मग कशाला, असं विचारलं, तर म्हणे न दिसणारं असू शकतं. आणि मान उघडली की कधीकधी त्या बाजूचा खांदा जातो, हात वर होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. उजवा हात गेला तर पोट कशावर चालवायचं?

तुझे बाबा मागे म्हणाले होते की तू मुंबईत याच कामात आहेस. तोंडाचा कॅन्सर मानेत उतरणार की नाही, हे आधीच सांगता येतं का, ते तुम्ही शोधताय म्हणे. येतं का सांगता? येत असेल तर एका माणसाची मान वाचेल. काकूला यातलं काही सांगू नकोस.

— भिकाजी काका


मुंबई, ६ मे २०२५

काका,

रिपोर्ट तीनदा वाचला. लॅबमध्ये असे रोज वीस वाचते. तुमचं नाव बघितलं आणि पुढची ओळच लागेना. तुम्हाला? लग्नात पानाचं ताट पुढे आलं की हात जोडून मागे सरकणारे तुम्ही, साधी सुपारी कधी तोंडात टाकली नाहीत. बाबांना अजून बोलले नाही. काकूलाही नाही, पण हे किती दिवस लपवणार?

तुम्ही विचारलंत त्याचं सरळ उत्तर देते. जिभेचा कॅन्सर लहान असला आणि मानेत काही दिसत नसलं, तरी दहापैकी तिघांच्या मानेतल्या गाठींमध्ये (या बारीक गाठी प्रत्येकाला असतातच) तो सूक्ष्म रूपात पोचलेला असतो. हे तिघे कोण, ते आधी ओळखता येत नाही. म्हणून सर्जन बहुतेकांची मान उघडतात. म्हणजे सात जणांची विनाकारण उघडली जाते. आमचा अभ्यास या सात जणांसाठी आहे.

आम्ही सुरुवातीच्या तुकड्यातच काही खुणा शोधतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते कमी झालंय का बघतो. हलायला निघालेल्या पेशींच्या अंगावर दुसरं एक प्रथिन येतं, ते दिसतंय का बघतो. तिसरं म्हणजे जिभेवरच्या कॅन्सरच्या कडेला चार-पाच पेशींचे पुंजके सुटे होऊन पुढे गेलेत का, ते मोजतो. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज नऊपर्यंत. कमी तेवढं बरं. पण हा अभ्यास आहे, काका, अजून उपचार नाही. या आकड्यावर कुणाची मान उघडायची की नाही हे कुणी ठरवत नाही. मी आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना विचारलं, घरचं माणूस आहे म्हणून त्या हो म्हणाल्या.

तुमचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून दवाखान्याने ठेवलेला असेल. तो मागून घ्या, रुग्णाच्या सहीवर देतात. कुणीतरी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. उन्हात अजिबात नको, मेण वितळेल. सोबतचा संमतीचा फॉर्म मी भरून पाठवतेय, फक्त सही करा.

आणि खरं म्हणजे ठोकळ्यापाठोपाठ तुम्हीच या.

सोनल


सहम, १५ मे २०२५

चि. सोनल,

ठोकळा मुस्तफाबरोबर निघाला. मुस्तफा आमच्या बाजारातला, चिपळूणकडचा, परवा मुंबईला उतरेल. इथून माणूस निघाला की अर्धं सहम त्याच्या बॅगेत बसतं. कुणाची औषधं, कुणाचं अत्तर, कुणाच्या मुलीचे बूट. त्यात हा काड्यापेटीएवढा ठोकळा. त्याला म्हटलं, वाटेल ते हरव, हे हरवू नको. कशाचा आहे, विचारलंन. मशीनचा पार्ट आहे म्हटलं, तो मेकॅनिकचं काम समजून गप्प बसला. विमानतळापर्यंत अडीच तासांचा रस्ता, त्याची गाडी म्हणजे भट्टी. म्हणून ठोकळा पिशवीत घालून थर्मासमध्ये ठेवलाय आणि भोवती आमच्याकडचा बर्फ. आयुष्यभर सुरमई सांभाळली, आता हे.

दवाखान्यातून सहीवर मिळाला. सही माझीच लागत होती, केली. तुझ्या फॉर्मवरही केली. तंबाखूच्या रकान्यात तू आधीच ‘कधीच नाही’ लिहून ठेवलं होतंस. ते बघितलं आणि तसंच ठेवलं.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा तय्यब तुला माहीत नसेल. रत्नागिरीच्या खाडीपलीकडचा, इथे बाजारात दिशदाशा, म्हणजे अरबांचे लांब झगे, शिवतो. सोळा वर्षं एका खोलीत आहोत. त्याने विचारलंय, ठोकळ्यातून कापून घेतल्यावर उरलेल्याचं काय करता? शिंपी आहे, उरलेल्या तुकड्यांची काळजी.

येण्याचं एवढ्यात जमत नाही. किती दिवस लागतील तेवढं कळव.

— काका


मुंबई, ९ जून २०२५

काका,

फोन उचलत नाही तुम्ही, म्हणून लिहिते.

ठोकळा अगदी नीट पोचला. कापून रंगवायला आणि दोघांनी वेगवेगळं मोजायला वेळ लागला. मोजणाऱ्यांना नाव दिसत नाही, फक्त नंबर दिसतो. मी स्वतः मोजलं नाही.

नऊपैकी आठ आले.

तय्यबचाचांना विचारा, उसवलेलं कापड कसं असतं. पेशींना धरून ठेवणारं प्रथिन जवळजवळ दिसतच नाही. एरवी ते प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघेसारखं रंगतं, इथे स्लाइड फिकी आहे. कडेला पुंजके सुटलेत, मोजणाऱ्याने वीस मोजून सोडून दिले. मी लिहिलं होतं की हा आकडा उपचार ठरवत नाही, ते खरं आहे. पण माझे सख्खे काका आहात म्हणून सांगते, मान उघडायलाच हवी, आणि लवकर. महिनाभरसुद्धा मोठा आहे. इथल्या सर्जनशी मी बोलून ठेवलंय, ते तुम्हाला तारीख देतील.

मॅडमना तुमच्या केसचं फार आश्चर्य वाटलं. तंबाखूला कधी शिवला नाही आणि एवढा स्कोअर, असा आमच्याकडे एकही नव्हता. त्यांनी परवाच्या बैठकीत तुमची स्लाइड दाखवली. मला ते बरं वाटलं नाही.

मी काकूला सांगितलं. रागवा हवं तर. माझ्याने राहवेना. ती रडली नाही, नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

सोनल


मुंबई, १६ जून २०२५

काका, आठ दिवस झाले. काकूने तुम्ही बरे होईपर्यंत मासे सोडलेत. तिच्या ताटात मासा नाही असा दिवस तुम्ही कधी बघितलाय का? निदान तिच्यासाठी तरी उत्तर द्या.

सोनल


सहम, २१ जून २०२५

चि. सोनल,

ती जीभ माझी नाही.

हे वाक्य लिहायला बारा दिवस लागले. जीभ तय्यबची आहे.

आता सगळं सांगतो, मध्ये ओरडू नकोस. तय्यबच्या गालात गेली तीस वर्षं तंबाखू आहे. इथे बंदी आहे, तरी चोरून मिळते. एका गालात तंबाखू आणि दातांत दोरा, अशीच त्याची शिलाई. जखम झाली तेव्हा म्हणाला, सुई लागली असेल. मार्चमध्ये जेवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मीच मागे लागलो. पण जाणार कुठे? त्याचं रहिवासाचं कार्ड संपून आठ महिने झाले होते. त्याचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक, म्हातारा, वाईट नाही. विसरतो. मुलगा बघेल म्हणतो, मुलगा मस्कतला. तोवर हा माणूस कागदावर इथे नाहीच. दवाखान्याच्या खिडकीत पहिलं कार्ड मागतात.

मी माझं दिलं. कंपनीचा विमा आहे, मला कधी शिंकसुद्धा येत नाही, पडून होतं. खिडकीतल्या पोरीने फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं. दोघांना टक्कल, दोघांना मिशा, दोघे साठीला टेकलेले. तिने आत सोडलं. इथे कार्डं अशीच फिरतात, सोनल. एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा ताप, दुसऱ्याच्या कार्डावर तिसऱ्याचा दात. वाटलं, तोंड आलंय, मलम देतील आणि खलास. कॅन्सर निघेल हे डोक्यातही आलं नाही. रिपोर्टवर माझं नाव वाचलं तेव्हा कुठे लक्षात आलं की आता हे नाव काढता येत नाही.

तुला का सांगितलं नाही? परक्या माणसाचा ठोकळा तुझ्या मॅडमनी घेतला असता का? आणि तय्यबने शपथ घातली होती. त्याची बायको आमिना आमच्या पलीकडच्याच गावात. तिला तो स्वतः सांगणार होता, अजून सांगितलेलं नाही. त्याला जिभेची भीती नाही. म्हणाला, “भिकाजी, जीब कापू दे, बोलून बोलून दमलो मी. पन हात नको जायाला. हात गेला तं मी कोन?” म्हणून मी तुला मानेचं विचारलं. वाटलं, तुझी तपासणी ‘नको’ म्हणेल आणि तो सुटेल.

नऊपैकी आठ, हे त्याला सांगितलं. म्हणाला, “शालंत कदी येवढे गावले नाय मना.” आणि काज करत बसला. तासाभरात त्याने एकच काज केलं, तेही उसवून टाकलं.

फॉर्मवरचा तो रकाना बघून माझा हात थांबला होता. थांबला आणि पुढे गेला. तुला त्याचा त्रास होणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

— काका


मुंबई, २२ जून २०२५

काका,

रागात लिहितेय आणि परत वाचून सौम्य करणार नाहीये.

तुमची सगळी पत्रं पुन्हा काढली. त्यांत एकही वाक्य खोटं नाही. ‘रिपोर्टवर माझं नाव आहे.’ ‘एका माणसाची मान वाचेल.’ मी एकदाही विचारलं नाही, कोणाची? वकील व्हायला हवं होतंत तुम्ही.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, काका वाचले. लॅबच्या जिन्यात बसून आनंदाने रडले. मग तय्यबचाचांची आठवण झाली आणि माझी मलाच लाज वाटली.

आज मॅडमच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. रविवार होता, त्यांच्याकडे पाहुणे होते, दाराबाहेर उभं राहूनच बोललो. संमती भलत्याच माणसाची, तंबाखूचा रकाना खोटा, आणि ती केस त्यांनी बैठकीत दाखवलेली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. केस अभ्यासातून काढलीय. रुग्णांच्या कागदांना मी आता हात लावायचा नाही, सध्या फक्त मेण कापायचं. रकाना न विचारता भरणारी मीच होते. निघताना त्यांनी मागे बोलावलं आणि म्हणाल्या, “तुकडा ज्याचा असेल त्याला लवकर आण. नाव बदललं म्हणून आठाचे सहा होत नाहीत.”

आता नीट वाचा. तय्यबचाचांनी इथे स्वतःच्या नावाने यायचं. तुमच्या नावाचा रिपोर्ट इथे चालणार नाही, तो आणूही नका. इथे पुन्हा तुकडा काढावा लागेल, पुन्हा रिपोर्ट. दोन-तीन आठवडे त्यात जातील. मार्चपासूनचे सगळे दिवस फुकट गेलेत, काका. यापुढचा एकही घालवू नका.

काकूला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.

सोनल


सहम, २४ जुलै २०२५

चि. सोनल,

तिकीट मिळालं. ३१ जुलै, दुपारचं विमान.

महिनाभर काय केलं ते सांगतो. तय्यबचं कार्ड संपलेलं, अर्बाबच्या सहीशिवाय त्याला देश सोडता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ड्युटी संपली की अर्बाबच्या दारात जाऊन बसायचो. तो कहवा द्यायचा, खजूर द्यायचा, तब्येत विचारायचा. मी म्हणायचो, तय्यबचे कागद. तो म्हणायचा, इन्शाल्ला, उद्या. अठरा दिवस असेच कहवा पिऊन झाले. एकोणिसाव्या दिवशी तय्यबलाच घेऊन गेलो आणि म्हटलं, तोंड उघड. म्हाताऱ्याने बघितलं आणि चेहरा फिरवला. दुसऱ्या दिवशी स्वतः काठी टेकत ऑफिसात आला, मुलाला फोनवर शिव्या घातल्या, सह्या केल्या. ऑफिसातून निघताना तय्यबचा हात धरून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या सगळ्या दिशदाशा तय्यबनेच शिवल्यात.

तय्यबला आता उजव्या बाजूने गिळता येत नाही. भाताची पेज करतो. तीही नको म्हणतो, मग मी चिडतो, मग तो पितो. आमिनाला त्याने सांगितलं. तिने विचारलं, विमानातून उतरशील तेव्हा चालत येशील ना? एवढंच.

सुगंधालाही, तुझ्या काकूला, मी सांगितलं. तिला वाटलं मी तिला समजवायला गोष्ट रचतोय. जीभ बाहेर काढून फोनवर दाखवावी लागली. मग जी पेटली! “मी दीड म्हैना मासा तोंडात नाय घातला, ता काय फुकट?” दहा मिनिटं माझी सालटी काढली. नंतर थांबली आणि म्हणाली, “असूं दे. सोडलाय तो सोडलाय. तय्यबभावजींच्या नावान चालल.” सोमवारी ती आमिनाकडे जाऊन आली.

कंपनीने परवा तपासणीला बोलावलं होतं, जाऊन आलो. तिकडचं विशेष काही नाही.

तुला माझ्यापायी मेण कापत बसावं लागतंय. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.

— काका


मुंबई, २४ ऑगस्ट २०२५

काका,

तय्यबचाचा जनरल वॉर्डात आले आहेत. नाकात नळी आहे, बोलणं बंद आहे, पाटीवर लिहितात. काल मला पाटीवर लिहून विचारलं, ‘उरलेल्याचं काय करता?’ मी सांगितलं, वीस-वीस वर्षं जपून ठेवतो. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

ऑपरेशन तेरा तारखेला झालं. तुकडा पुन्हा काढण्यात बारा दिवस गेले होते, तोवर मानेत हाताला बारीकशी गाठ लागायला लागली होती. गाठी आमच्याच लॅबमध्ये आल्या. छत्तीस गाठी. मेण माझ्याकडे म्हणून कापल्याही मीच. दोन गाठींत निघालं. चौतिसांत नाही. ज्या दोन आहेत त्यांचं आवरण फुटलेलं नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, काका. सर्जन म्हणाले, आणखी दोन महिने गेले असते तर हे वाक्य बोलता आलं नसतं. पुढच्या महिन्यात रेडिएशन सुरू होईल. नक्की काही कुणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण डॉक्टर बोलताना जमिनीकडे बघत नाहीत, एवढं मी बघितलंय.

खांद्याची नस वाचवलीय, तरी ओढली गेलीय. हात कानाच्या वर जात नाही. ते सांगायला मी घाबरत होते. त्यांनी हात पुढे करून मशीनवर कापड सरकवल्यासारखं करून दाखवलं, तेवढा जातो. मग पाटीवर लिहिलं, ‘कानाच्या वर शिवतो कोण?’ आमिनाचाची शेजारी उभ्या होत्या, त्या पहिल्यांदा हसल्या.

मॅडम वॉर्डात येऊन गेल्या. चाचांची संमती त्यांनी स्वतः घेतली, रकाने स्वतः विचारून भरले. तंबाखू किती वर्षं, या प्रश्नावर चाचांनी तीन बोटं दाखवली आणि मग शून्य. केस पुन्हा अभ्यासात आलीय. मी अजून मेणावरच आहे, चालेल मला.

आता एक विचारते. काकू म्हणाली, तुम्ही बारा सप्टेंबरला कायमचे येताय. कंपनीने दोन वर्षं वाढवून दिली होती ना? तिला तुम्ही म्हणालात, वय झालं. मला खरं सांगा. या वेळी शब्दांची कसरत नको.

सोनल


सहम, ३० ऑगस्ट २०२५

चि. सोनल,

चौतीस गाठींत नाही, ही ओळ मी खोलीत मोठ्याने वाचली. बाकीच्या दोघांना काही कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

खरं विचारलंस, सांगतो. जुलैत विम्याचं वर्ष संपत होतं. कागद बघताना त्यांना माझ्या कार्डावर कॅन्सर सापडला. म्हणून ती तपासणी. कंपनीचा डॉक्टर आपल्याकडचाच, केरळचा, म्हातारा. रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हणाला, तोंड खोला. कापसाने जीभ धरून बाहेर ओढली. बॅटरीने इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग बॅटरी बंद केली आणि खुर्चीत टेकून बसला. म्हणाला, “जीभ तो एकदम साफ है. ये किसका है?”

बाहेर पुढच्याचं नाव पुकारत होते.

मग तोच हळू आवाजात बोलला. म्हणाला, दोन गोष्टी होऊ शकतात. मी लिहितो की रिपोर्ट चुकीचा आहे, याला काही नाही. तुझी नोकरी राहील. पण विम्यावाले दवाखान्याला विचारतील, त्या दिवशी खुर्चीत कोण बसलं होतं. आठवड्यात त्याच्यापर्यंत पोचतील. किंवा कागदावर आहे तेच मी लिहितो. आजारी, कामाला अयोग्य, घरी पाठवा.

बावीस जुलै होती ती. तय्यबचं विमान एकतीसचं. मी मनात दिवस मोजले आणि म्हटलं, लिख दो साब.

त्याने लिहिलं. शिक्का मारताना माझ्याकडे बघितलं नाही. मी सही केली. ‘जिभेचा कॅन्सर’, खाली माझं नाव, तिसऱ्यांदा.

तो सुखरूप गेल्यावर खरं सांगायचं मनात आलं होतं. पण कार्ड दिल्याबद्दल मग मला धरलं असतं, आणि तेही बरोबरच झालं असतं. अर्बाबलाही त्रास झाला असता. म्हणून राहू दिलं. स्टोअरमधले लोक आता माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. कुणी मला जड उचलू देत नाही. परवा एकाने घरून आणलेला मध दिला. मी घेतला, काय करू?

वाईट वाटतं का, तर हो, वाटतं. ती मशीनं मी एका आवाजावर ओळखतो. नव्या माणसाला शिकवतोय, त्याचं लक्ष फोनमध्ये. दोन वर्षं अजून झाली असती तर घराला वरचा मजला झाला असता. आता नाही होणार. सुगंधाला मी नीट सांगेन, तिच्यापुढे बसून. ती ओरडेल, आणि मग तिला पटेल. तुलाही तुझं टेबल परत मिळू दे, एवढं माझ्या मनात राहिलंय.

फक्त तय्यबला हे कळू देऊ नकोस. कधीच. त्याच्या गळ्यातून अजून पाणी उतरायचंय, त्यात हे नको. तो पाटीवर विचारेल, भिकाजी का आला म्हणून. त्याला सांग, काका कंटाळला होता, म्हणून आला.

खोटं नाही ते, सोनल. फार कंटाळलो होतो मी.

— काका